कोरियन: ओळख करून देताना 'इम्निदा' म्हणायचं की 'येयो'?

फौंड्रीवाला (सोमवार, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. वय ४७. पुढच्या महिन्यात कोरियाहून चार जण ऑडिटला येणार आहेत. मीटिंगमध्ये साहेब सहज बोलून गेले की त्यांच्या भाषेत कुणी दोन वाक्यं बोललं तर बरं दिसेल, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कारण काय, तर माझी मुलगी कोरियन मालिका बघते हे मीच एकदा डबा खाताना सांगून बसलो होतो.

तीन आठवडे मोबाइलवर शिकतोय. लिपी बऱ्यापैकी वाचता येते. पण गाडी ओळखीच्या पहिल्याच वाक्यावर अडलीय.

ॲप म्हणतं, "चॉनुन पाटील इम्निदा" म्हणा. मुलगी म्हणते, बाबा, असं फक्त बातम्यांत बोलतात, "चॉनुन पाटील इएयो" म्हणा. यूट्यूबवरचा एक मास्तर 'चॉनुन'च्या जागी 'नानुन' म्हणतो. तिघांचाही अर्थ 'मी पाटील आहे' इतकाच. मग बरोबर कोण?

दुसरं, कधी 'नुन' लागतं, कधी 'उन', मधूनच 'गा' येतं. ते का?

तिसरं म्हणजे 'तुम्ही'ला शब्दच सापडत नाहीये. शब्दकोशात 'ताङशिन' दिलाय. तो मी घरी वापरून पाहिला तर पोरगी किंचाळलीच.

---

चहाटळ_चिमणी (रात्री १०:५१)

रुमाल टाकून ठेवते. लेकीचं किंचाळणं सविस्तर येऊ द्या.

---

खडूस_खापरे (रात्री ११:०५)

आधी चाकणच्या परप्रांतीयांना मराठी शिकवा, मग कोरियन शिका.

---

चहाटळ_चिमणी (रात्री ११:०७)

आलात? मी वाटच बघत होते.

---

निशिगंधा_२ (मंगळवार, सकाळी ७:१५)

पाटील, तिघंही बरोबर आहेत, फक्त तिघांच्या समोरचा माणूस वेगळा आहे. मी टोपिकची (कोरियन भाषेच्या परीक्षेची) दुसरी पातळी पास झालेय आणि सध्या चार-पाच जणांना शिकवते, त्या भांडवलावर लिहिते.

'मी'ला दोन शब्द आहेत. 'ना' हा बरोबरीच्यांत किंवा लहानांसमोर. 'चॉ' हा स्वतःकडे कमीपणा घेणारा, मोठ्यांसमोर आणि परक्यांसमोर. तुम्ही डोळे मिटून 'चॉ' वापरा. 'मीच' असं ठासून सांगताना त्याचं 'चेगा' होतं. 'चॉगा' म्हणू नका, सगळे नवशिके म्हणतात.

क्रियापदाचा शेवट कसा होतो त्यावरून बोलणं किती अदबीचं ते ठरतं. रोज कामाला येणारे तीन प्रकार असे: 'इम्निदा, हाम्निदा' हा औपचारिक, म्हणजे भाषण, बातम्या, सैन्य, मीटिंगची पहिली पाच मिनिटं. 'इएयो, हेयो' हा रोजचा सभ्य, दुकानात, शेजाऱ्यांशी, सहकाऱ्यांशी. तिसऱ्यात तो 'यो'सुद्धा गळतो. त्याला 'पान्माल' म्हणतात, शब्दशः अर्धं बोलणं. तो मित्रांत आणि घरात.

तुमची मुलगी मालिका बघते. मालिकांत सगळे एकमेकांच्या गळ्यात तरी पडलेले असतात नाहीतर गळा तरी धरलेले. तिथलं बोलणं ऑडिटला नेऊ नका. पहिल्या भेटीत 'इम्निदा', चहा झाल्यावर 'यो'.

---

कट्ट्यावरचा (सकाळी ७:४०)

पान्माल! हा गुटख्याचा ब्रँड वाटतोय.

---

बे_एके_बे (सकाळी ८:०२)

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्या नाक्यावर 'पान माल' एकत्रच मिळतं, आणि तिथलं बोलणंही अर्धंच असतं.

---

सुवोनवासी (सकाळी ९:३०)

सहा वर्षं सुवोनला आहे (सोलच्या दक्षिणेला, तासाभराच्या अंतरावर). निशिगंधांशी नव्वद टक्के सहमत. एकच दुरुस्ती. 'आधी इम्निदा, मग यो' अशी भिंत नसते. चांगला बोलणारा माणूस एकाच परिच्छेदात दोन्ही मिसळतो. निव्वळ 'निदा निदा' लावलंत तर सैन्यातून सुटून आल्यासारखं वाटतं. तिथल्या सैन्यात २०१६ पर्यंत खरोखरच शिकवायचे की वाक्याचा शेवट 'दा' नाहीतर 'क्का' असाच हवा.

ताङशिनबद्दल. हा शब्द जाहिरातीत आणि गाण्यांत चालतो, वयस्क नवरा-बायकोत चालतो आणि रस्त्यावरच्या भांडणात चालतो. ट्रॅफिकमध्ये कुणी काच खाली करून ताङशिन म्हणालं की समजायचं, पुढचं वाक्य ऐकण्यासारखं नाही. तुमची पोरगी हुशार आहे.

मग 'तुम्ही'ला काय म्हणायचं? काहीच नाही. गाळायचं. नाहीच जमलं तर हुद्दा घ्यायचा आणि पुढे 'निम' लावायचं. थिम्जाङनिम म्हणजे टीमचे प्रमुख, सॉन्सेङनिम म्हणजे सर किंवा बाई. "तुम्ही कधी आलात?" असं समोरच्यालाच विचारायचं तर "थिम्जाङनिम कधी आले?" असं विचारायचं.

मी पहिल्या आठवड्यात लॅबमधल्या एका सीनिअरला आडनाव घेऊन 'किम श्शी' म्हणालो होतो. पुस्तकात 'श्शी म्हणजे श्री' इतकंच दिलं होतं. लॅबमध्ये एकदम शांतता. नंतर कळलं की 'श्शी' पूर्ण नावाला किंवा नुसत्या नावाला लावतात. नुसत्या आडनावाला लावलं की ते 'ए किम' असं हाक मारल्यासारखं होतं. शिवाय सीनिअरला तर तेही नाही, त्याला 'सॉन्बेनिम'. त्या माणसाने दोन दिवस मला प्रिंटर कुठे आहे ते सांगितलं नाही.

---

मोरावळा (सकाळी १०:१२)

मी निवृत्त मराठी शिक्षिका. कोरियन शून्य. पण नात शिकते म्हणून तिच्या वहीत डोकावत असते आणि माझी फार करमणूक होते.

तिच्या वहीत लिहिलेलं असतं 'इप्निदा', ती वाचते 'इम्निदा'. मी विचारलं, का गं? म्हणाली, आजी, नियम आहे, 'प'पुढे 'न' आला की 'प'चा 'म' होतो. अगं, म्हटलं, हे मी तीस वर्षं आठवीला शिकवलं! जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. वाक् अधिक मय, वाङ्मय. अनुनासिक संधी. तिकडची मुलं पाठ न करता बोलतात, इकडे दोन मार्कांना येते.

---

निशिगंधा_२ (सकाळी १०:३०)

मोरावळाबाई, दंडवत! हे मी उद्या माझ्या वर्गात सांगणार.

आता पाटलांसाठी एक गंमत. तुमचं नाव कोरियन लिपीत लिहिलं की 'फाथिल' होतं, कारण परक्या शब्दांतल्या 'प' आणि 'ट'साठी त्यांच्याकडे श्वास सोडून म्हणायची अक्षरं वापरायचा नियम आहे. आणि 'ल'पुढे स्वर आला की त्याचा 'र' होतो. म्हणजे वाक्यात तुम्ही "चॉनुन फाथिरिम्निदा".

---

मोरावळा (सकाळी १०:३४)

रलयोरभेदः!

---

फौंड्रीवाला (दुपारी १:१०)

डबा खाता खाता वाचतोय. सगळ्यांचे आभार. पण म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची पाटीलकी जाऊन मी फाथिर झालो?

---

तेशुफान्दे (दुपारी १:२२)

फाथिरराव, तुमचं बरं आहे. मी देशपांडे. वरचं वाचून आयडी बदलून घेतलाय.

---

कट्ट्यावरचा (दुपारी १:२५)

जोशींचं चोशी होत असेल ना?

---

सुवोनवासी (दुपारी १:४८)

होतं. शब्दाच्या सुरुवातीला त्यांचा ग, द, ब, ज आपल्याला क, त, प, च ऐकू येतो. दोन स्वरांच्या मधे आला की पुन्हा ग, द, ब, ज. त्यांच्या लेखी ते एकच अक्षर. म्हणूनच पूर्वी इंग्रजीत 'पुसान' लिहायचे, २००० साली रोमन लिहिण्याचे नियम बदलल्यावर 'बुसान' झालं. गाव जागच्या जागी आहे.

---

दक्षिणदिग्विजय (दुपारी २:१५)

धाग्यावर इतके विद्वान जमलेत आणि मूळ मुद्दा कुणीच बोलत नाही. कोरियन भाषा तमिळमधून आली आहे. वडिलांना 'आप्पा', आईला 'ऑम्मा'. आपल्याकडेही घरोघरी आप्पा आहेत. अयोध्येची राजकन्या तिकडे राणी होऊन गेली होती, तिचं स्मारक अयोध्येत आहे. हे योगायोग नव्हेत.

---

निशिगंधा_२ (दुपारी २:४०)

स्मारक आहे, राणीची कथाही आहे. हॉ ह्वाङ-ओक ही 'आयुता' देशाहून समुद्रमार्गे आली असं तेराव्या शतकातल्या 'साम्गुक युसा' या कोरियन ग्रंथात लिहिलंय. पण घटना पहिल्या शतकातली सांगतात आणि ग्रंथ हजारभर वर्षांनंतरचा. आयुता म्हणजे अयोध्याच का, यावरही वाद आहेत. आणि राजकन्या अयोध्येची असेल तर भाषा तमिळ कशी हो?

आप्पा-अम्माचं म्हणाल तर बाळाला ओठ मिटून उघडल्यावर जे दोन आवाज सगळ्यात आधी काढता येतात ते प आणि म. जगभर आईबापांनी तेच आवाज स्वतःच्या नावावर लावून घेतलेत.

---

दक्षिणदिग्विजय (दुपारी २:५२)

हल्बर्ट नावाच्या अमेरिकन माणसाने शंभर वर्षांपूर्वी कोरियन आणि द्राविड भाषांच्या व्याकरणाची तुलना केली होती. तोही बाळच होता का?

---

सुवोनवासी (दुपारी ३:०५)

केली होती. आणि वाक्यरचना सारखी आहेच की. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, शब्दाला मागून प्रत्यय. ती जपानी आणि तुर्कीशीही सारखी आहे, मराठीशीही आहे. म्हणून तर आपल्याला इंग्रजीपेक्षा कोरियन वाक्य जुळवणं सोपं जातं. 'पुण्याहून आलो' हे जसंच्या तसं 'फुने-एसॉ वास्सॉयो'. शब्दाला शब्द, क्रमाला क्रम. त्यासाठी कुणी राजकन्या बोटीत बसवायला नको.

---

खडूस_खापरे (दुपारी ३:२०)

धागा भरकटला. अपेक्षित होतं.

---

बे_एके_बे (दुपारी ४:००)

पाटलांचा दुसरा प्रश्न तसाच लोंबकळतोय. नुन, उन, गा. मलाही हवाय, मी त्याच दगडावर आपटून दोनदा कोरियन सोडलंय.

---

निशिगंधा_२ (रात्री ९:२०)

अर्धा भाग यांत्रिक आहे. शब्द स्वरात संपला तर 'नुन', व्यंजनात संपला तर 'उन'. तसंच 'गा' आणि 'इ'. तसंच 'येयो' आणि 'इएयो'. मात्र शेवट मराठी उच्चारावरून नाही, कोरियन लेखनावरून बघायचा. अमोल, राहुल हे 'ल'वर संपतात म्हणून इएयो. पण समीरचं ते 'सामिरु' करतात, मग स्वर आला, मग येयो. गणेशचं 'कानेशी'. तिथेही येयो.

उरलेला अर्धा खरा अवघड. पुस्तकं म्हणतात 'नुन म्हणजे विषय, गा म्हणजे कर्ता' आणि आपण मान डोलावतो. मराठीत विचार करा. 'चॉनुन' म्हणजे 'माझं म्हणाल तर'. माझं म्हणाल तर मी पाटील. म्हणून ओळख करून देताना नुन. आता चार जण उभे आहेत आणि पाहुण्याने विचारलं, पाटील कोण? तर 'चेगा', मीच पाटील. तिथे 'चॉनुन' म्हणालात तर 'माझं म्हणाल तर मी पाटील, बाकीच्यांचं त्यांना विचारा' असा वास येतो.

'तर' आणि 'च'. सगळीकडे नाही लागू पडत, पण पहिलं वर्ष निघतं.

---

बे_एके_बे (रात्री ९:३१)

दोन वर्षं मी इंग्रजी पुस्तकातून हे समजून घेत होतो! वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

---

मोरावळा (बुधवार, सकाळी ६:५०)

निशिगंधा, मला एक शंका. नातीच्या वहीत 'शि' नावाचा एक प्रकार आहे. आजी येते म्हणताना ती मधे 'शि' घालते. मग 'यो' कशाला लागतो? आदर एकदा दाखवला की पुरे ना?

---

निशिगंधा_२ (सकाळी ८:१०)

हाच प्रश्न विचारायला हवा होता आणि तो कोरियन शून्य असलेल्या बाईंनी विचारला!

'शि' आणि 'यो' यांचा आदर दोन वेगळ्या माणसांना आहे. ज्याच्याबद्दल बोलताय त्याला 'शि', ज्याच्याशी बोलताय त्याला 'यो'. मराठीत पहिला आपल्याकडे आहेच. 'बंड्या आला' पण 'बाबा आले'. बाबा एकटेच आले तरी अनेकवचन. कोरियन 'शि' म्हणजे हे 'आले'.

दुसरा आपल्या क्रियापदात नाही, पण बोलण्यात आहे. 'बंड्या आला' हे मी भावाला सांगितलं तर 'आला रे', सासऱ्यांना सांगितलं तर 'आला हो'. तो 'हो' म्हणजे जवळपास 'यो'. म्हणून चार जोड्या होतात. आला रे, आला हो, आले रे, आले हो. कोरियनमध्ये या चारही क्रियापदाच्या शेपटीत बसतात. चुका सगळ्या इथे होतात, कारण लोकांना वाटतं आदर म्हणजे एकच नळ, सोडला की सगळीकडे पाणी.

आणि पाटील, हे भिंतीवर लिहून ठेवा. 'शि' स्वतःला कधीच लावायचा नाही.

---

मोरावळा (सकाळी ८:२५)

समजलं. 'आला हो'वरून आमच्या आळीतल्या सगळ्या बायकांचे आवाज कानात आले.

---

सुवोनवासी (सकाळी ९:००)

हे कोरियन लोकांचंही बिघडतं हं. कॅफेत काउंटरवरची मुलगी म्हणते, "खॉफी नाओश्यॉस्सुम्निदा". गिऱ्हाइकाला मान द्यायच्या नादात 'शि' कॉफीलाच लावला. म्हणजे 'कॉफी आल्या आहेत, घ्या'. तिथले भाषातज्ज्ञ यावर वर्तमानपत्रांत वैतागतात, पण मुली बिचाऱ्या म्हणतात, 'शि' नाही लावला तर गिऱ्हाईक वैतागतं.

जुना एक नियम तर आणखी तिढ्याचा. आजोबांसमोर वडिलांचा उल्लेख करताना वडिलांना 'शि' लावायचा नाही, कारण ऐकणारा त्यांच्याहून मोठा. म्हणजे आजोबांना सांगायचं, 'बाबा आला'. आता फारसं कुणी पाळत नाही.

---

चहाटळ_चिमणी (सकाळी ९:१५)

आमच्याकडे सासूबाईंसमोर नवऱ्याला 'अहो' म्हणायचं आणि जिना उतरला की 'अरे'. यालाही कोरियन नाव असेल.

---

सुवोनवासी (सकाळी ९:४०)

'अहो'साठी आहे! 'यॉबो'. नवरा-बायको एकमेकांना म्हणतात. मुळात 'इकडे बघा' असं होतं म्हणतात. तुमचं 'अहो, ऐकलंत का' आणि ते सख्खे भाऊ. बायकोला मुलाच्या नावाने हाक मारणंही तिथे सर्रास, 'अमक्याची आई'. जुन्या मराठी घरात चालायचं तसंच.

अवांतर होतंय, पण एक सांगतोच. तिथे खानावळीत वाढणाऱ्या बाईंना 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण. मावशी! वडिलांची बहीण 'कोमो', तिला कुणी हॉटेलात बोलावत नाही. पहिल्यांदा एका पोराने "इमो, किम्ची आणखी द्या" म्हणून ओरडलेलं ऐकलं तेव्हा मला सदाशिव पेठेतली मेस आठवली. तिथेही मावशीच होत्या, आत्या कुठेच नव्हती.

---

कट्ट्यावरचा (सकाळी १०:०५)

आत्याने वाढलं असतं, पण आधी मार्क विचारले असते.

---

खडूस_खापरे (सकाळी १०:३०)

हा मावशीचा मुद्दा मात्र आवडला.

---

चहाटळ_चिमणी (सकाळी १०:३१)

तारीख नोंदवून ठेवा रे कुणीतरी!

---

तेशुफान्दे (सकाळी ११:१५)

माझा दोन पैशांचा अनुभव. रांजणगावला असताना कोरियन साहेबांसोबत चार वर्षं काढली. भेटल्या भेटल्या वय विचारतात. रागावू नका. वय कळल्याशिवाय कुठलं क्रियापद लावायचं ते त्यांना ठरवता येत नाही. त्यातही पूर्वी जन्मताच एक वर्षाचे आणि एक जानेवारीला सगळे एकदम एकेक वर्षाने मोठे, असं मोजत. २८ जून २०२३ पासून कायद्याने आपल्यासारखं वय मोजायला लागले. आमचे साहेब एका रात्रीत लहान झाले म्हणून खूश होते.

आणि कार्ड दोन्ही हातांनी द्या. घेतलेलं लगेच खिशात कोंबू नका, वाचल्यासारखं करा.

---

निशिगंधा_२ (सकाळी ११:४०)

कार्डावरून आठवलं. स्वतःचा हुद्दा सांगताना तो नावाच्या आधी घ्यायचा. 'क्वाजाङ फाथिल'. क्वाजाङ म्हणजे विभागाचा मॅनेजर. उलट 'फाथिल क्वाजाङ' म्हटलं की दुसऱ्याने तुम्हाला मानाने हाक मारल्यासारखं होतं. आपणच 'मी पाटीलसाहेब' म्हणावं तसं.

तर पाटील, तुमचं भाषण हे घ्या आणि रोज आंघोळीच्या वेळी म्हणा.

"आन्न्यॉङहाशिम्निक्का. फुम्जिल थिम क्वाजाङ फाथिरिम्निदा. मान्नासॉ पान्गाप्सुम्निदा. चाल पुथाक तुरिम्निदा."

नमस्कार. क्वालिटी टीमचा मॅनेजर पाटील. भेटून आनंद झाला. शेवटच्याला मराठीत नेमका शब्द नाही. 'सांभाळून घ्या', 'लक्ष असू द्या' याच्या मधलं काहीतरी. तुम्ही धाग्याच्या पहिल्याच ओळीत म्हणालात ना, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. तेच.

'मी'सुद्धा नाही बघा यात. उभं राहून बोलताय म्हटल्यावर कोण ते दिसतंच.

---

फौंड्रीवाला (दुपारी १:०५)

प्रिंट काढून डब्याच्या झाकणाला चिकटवलंय. मुलगी उच्चार तपासतेय. 'चाल पुथाक'ला बायको आतून ओरडली, कुणाला चालायला सांगताय?

---

बे_एके_बे (पुढच्या महिन्यात, शुक्रवार)

धागा वर काढतोय. पाटील, झालं का ऑडिट?

---

फौंड्रीवाला (शुक्रवार, रात्री ११:३०)

झालं मंडळी. दोन दिवस घरी येऊन नुसता झोपत होतो, म्हणून उशीर.

चौघं आले. सगळ्यात मोठे साठीच्या आसपासचे, सगळ्यात धाकटा पोरगेला, तिशीचा असेल. मी वाकलो, कार्ड दोन हातांनी दिलं आणि भाषण एका दमात म्हटलं. 'तुरिम्निदा'पर्यंत सुखरूप पोचलो. मोठ्या साहेबांनी "ओ!" केलं आणि काहीतरी लांबलचक बोलले, त्यातलं मला फक्त 'फाथिल' कळलं. आमचे साहेब माझ्याकडे असे बघत होते की मी जणू साचा न वापरता कास्टिंग काढलंय.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. दुपारी लाइनवर तो धाकटा भेटला आणि हसून म्हणाला, "शिक्सा हाश्यॉस्सॉयो?" मी दचकलोच. शिक्षा? ऑडिटमध्ये काय सापडलं? मग मुलीने पाठ करून घेतलेलं आठवलं. शिक्सा म्हणजे जेवण. जेवलात का, विचारतोय. आपल्यासारखंच सहज विचारतात. मी खुशीत येऊन त्याचंच क्रियापद उचललं आणि औपचारिक करून परत केलं: "ने, हाश्यॉस्सुम्निदा!"

पोरगा आधी गंभीर राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. निशिगंधाताई, तुम्ही भिंतीवर लिहायला सांगितलं होतं. मी झाकणावर लिहिलं होतं, आणि झाकण घरी.

---

निशिगंधा_२ (रात्री ११:३८)

'हो, मी जेवलात'!! पाटील, मी एकटीच हसतेय आणि घरचे झोपलेत.

("ने, मॉगॉस्सुम्निदा." पुढच्या वेळी.)

---

मोरावळा (शनिवार, सकाळी ६:३०)

प्रश्नातलं क्रियापद तसंच उत्तरात लिहिणं. आठवीतली निम्मी मुलं हेच करायची. मी अर्धा मार्क द्यायचे.

---

फौंड्रीवाला (सकाळी ९:१०)

अर्धा मार्क गोड मानून घेतो बाई.

हो, कँटीनमध्ये मी त्याला खुणा करून आणि फोनवर भाषांतर दाखवून सांगितलं की आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंना मावशी म्हणतात, मावशी म्हणजे इमो. त्याला आधी खरं वाटेना. संध्याकाळी जाताना चौघंही सुमनताईंना "मावशी, थँक्यू" म्हणून गेले. सुमनताई मला विचारत होत्या की ही पोरं कुठली, मराठी बोलतात.

आता एक अडचण. मोठ्या साहेबांनी निघताना वय विचारलं आणि मी बोटांनी दाखवलं. तीन महिन्यांनी परत येतायत. ४७ कसं म्हणायचं?

---

सुवोनवासी (सकाळी ९:४५)

वयाला देशी आकडे वापरा, चिनी मुळाचे नकोत. माहुन म्हणजे चाळीस, इल्गोप म्हणजे सात, आणि वयाचं एकक 'साल'. "माहुनिल्गोप साल".

---

दक्षिणदिग्विजय (सकाळी ९:४९)

साल!!! काय म्हणत होतो मी?

---

निशिगंधा_२ (सकाळी ९:५५)

आपल्याकडचं 'साल' फारसी आहे हो. त्यांचं त्यांचं स्वतःचं.

---

चहाटळ_चिमणी (सकाळी १०:०२)

म्हणजे राजकन्या आता व्हाया इराण.